जामीन झाला तरी भाऊ आतच: माझा अनुभव

कोर्टाने जामीन दिला होता. तरी माझा धाकटा भाऊ नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातच होता, कारण आमच्याकडे ऐपतीचा दाखला, म्हणजे जामीनदाराची मालमत्ता पुरेशी आहे असं सांगणारा सरकारी कागद, नव्हता. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

अटक, पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी हे सगळं भराभर झालं. तुरुंगात भेटीला (त्याला तिथे मुलाखत म्हणतात) जाताना आधार कार्ड न्या आणि आधी नोंदणी करा. ती जमली की फारसा त्रास नाही.

अडलं ते पुढे. आदेश होता पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. मामाची निफाडला द्राक्षबाग. सातबारा घेऊन तो पहिल्या हाकेला आला. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा, म्हणून कागद परत. पीककर्ज न काढता द्राक्षं पिकवणारा शेतकरी आणायचा कुठून? मग कोपरगावचे काका, मावशीचे यजमान, तयार झाले. त्यांच्या जमिनीवर बोजा नव्हता, पण ऐपतीचा दाखला हवा. तो ज्या महसूल कार्यालयातून मिळतो तिथे कधी तलाठ्याचा अहवाल आलेला नसे, कधी साहेब दौऱ्यावर, कधी सर्व्हर बंद. काका सत्तरीचे, सकाळपासून बाकावर बसून राहायचे. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. दाखला हातात आला, तर कोर्टातला कारकून म्हणतो, "जमीन बाहेरच्या जिल्ह्यातली आहे, चालणार नाही."

तिथे वकील साहेब कामाला आले. १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा मोतीराम निकाल त्यांनी थेट न्यायाधीशांपुढे ठेवला. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीनदार नाकारला होता, आणि न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चूक ठरवलं. काकांचे कागद त्याच दिवशी मान्य झाले. पंचेचाळीसपेक्षा जास्त वर्षं जुना निकाल टेबलावर बसणाऱ्याला माहीत नसावा, याची मला आजही चीड येते.

म्हणून सांगतो, जामिनाच्या अर्जातच 'जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरता रोख जामीन घ्यावा' अशी विनंती वकिलांकडून लिहून घ्या. पैसे भरून माणूस बाहेर येतो, कागद मागून जमवता येतात.

या काळात भाऊ आत काय करत होता? काहीच नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं. शिक्षा झालेले कैदी तिथे पैठण्या विणतात, गणपती घडवतात. कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याला, कामाची सक्ती नसते, त्यामुळे दिवस सरता सरत नाही. सकाळी बराक उघडली की मोजणी, चहा, नाश्ता. दुपारी पुन्हा आत. जेवण लवकर आणि संध्याकाळी बंदी, म्हणजे बराकीला कुलूप. त्याला वाचायची सवय लागली ती तिथेच. कॅन्टीनसाठी घरून मनीऑर्डर करता येते, तेवढी जरूर करा. साबण आणि बिस्किटांचा मोठा आधार असतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नाही. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. खटलाच लांबला असेल तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७९ वकिलांना दाखवा: पहिलाच गुन्हा असल्यास कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की जामिनाचा मार्ग खुलतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ते लागू नाही.

आणि सुटकेचा आदेश निघाला की तो कारागृहात संध्याकाळच्या बंदीआधी पोचेल हे पाहा. उशीर झाला तर आणखी एक रात्र आत जाते.