न दिसणारी ज्योत

शहादा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. डिसेंबरातील एका दुपारी बारावीची चार मुले प्रयोगशाळेत आली. तोरणमाळला यशवंत तलावाजवळ मुक्काम करायचा म्हणून त्यांनी शीतपेयाच्या दोन डब्यांचे तळ कापून, ते एकमेकांत बसवून आणि कडेने सुईची छिद्रे पाडून स्टोव्ह केला होता. काम सुबक होते, पण सोबत पाण्याच्या बाटलीत पेट्रोल होते, ते पाहून मी दचकलो.

पेट्रोलची वाफ उणे ४३ अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेट घेते, ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, आणि पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतले तर ते पाण्यावर तरंगत आग आणखी दूर नेते. रॉकेलची वाफ इतक्या सहज पेटत नाही, परंतु ते वातीशिवाय किंवा पंपाशिवाय नीट जळत नाही. अशा उघड्या डब्यात त्याची नुसती काजळी धरते. एका मुलाने कपाटातील मिथेनॉल मागितले. मिथेनॉल श्वासावाटे आणि त्वचेतूनही शरीरात जाते, यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळ्यांची नस निकामी होऊ शकते, हे सांगून मी कपाटाला कुलूप लावले.

शेवटी इथेनॉलचे स्पिरिट घेऊन आम्ही मागच्या अंगणात गेलो. ते पाण्यात मिसळते, त्यामुळे लहानशी आग भरपूर पाण्याने विझवता येते. तीस मिलिलिटर मोजून ओतले आणि पेटवले. काही मिनिटांनी वाटीतले पाणी उकळायचे राहून नुसते कोमट वाटू लागले. उन्हात डब्यावर काहीच दिसत नव्हते.

“सर, विझी गया,” असे म्हणत एकाने बाटलीचे बूच उघडले आणि ती डब्यावर तिरकी केली.

मी त्याचे मनगट धरून मागे ओढले. मग चिमट्यात वहीचा कागद धरून डब्यावर नेला, तर तो क्षणात भडकला. इथेनॉलची निळसर ज्योत भर उन्हात दिसत नाही. धार ओतली असती, तर आग धारेवरून बाटलीत शिरून आतल्या वाफेसह बाहेर फेकली गेली असती. मुले बराच वेळ काही बोलली नाहीत. माझाही हात थरथरत होता, कारण इंधन निवडण्यातच मी इतका गुंतलो होतो की भरण्याबद्दल एक शब्दही आधी बोललो नव्हतो.

आम्ही डबा पूर्ण जळू दिला, दहा मिनिटे थंड होऊ दिला, त्यावर हात धरून ऊब नाही हे पाहिले आणि मगच दुसऱ्यांदा मोजून भरला. तंबूत तो पेटवायचा नाही, हेही सांगितले. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. तोरणमाळच्या थंडीत स्पिरिट लवकर पेटत नाही, तेव्हा त्यात पेट्रोलचे चार थेंब टाकण्याचा मोह होईल, म्हणून स्पिरिटची बाटली अंगरख्याच्या आत ऊबेत ठेवायला सांगितले, अर्थात चुलीपासून दूर आणि बूच घट्ट लावून. पेट्रोलची बाटली मात्र मी त्यांना परत दिली नाही.