सफरचंदाचा केक आणि त्यातले पाणी

सफरचंदाच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग पाण्याचा असतो, हे केक करायला घेण्यापूर्वी वाचनात आले होते आणि ते फार उपयोगी पडले, कारण कृतीतील बहुतेक सूचनांचे कारण पुढे त्या एकाच गोष्टीत सापडत गेले. उदाहरणार्थ, तीत दूध अजिबात नव्हते. २०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, २ अंडी, १२० मिलिलिटर तेल, सफरचंदाच्या २५० ग्रॅम फोडी, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि दालचिनीची पूड, एवढेच साहित्य होते. दालचिनी मी सांगितल्यापेक्षा थोडी जास्तच घातली, आणि पुढेही घालेन.

सफरचंद किसावे की चिरावे, यावर मी बराच विचार केला. किसल्यावर रस लगेच सुटतो आणि मिश्रण सैल होते. फोडींतला रस मात्र ओव्हनच्या उष्णतेत सावकाश बाहेर येतो. म्हणून घट्ट, आंबटसर सफरचंदे निवडून मी त्यांच्या साधारण १ सेंटिमीटरच्या फोडी केल्या. फोडींना आधीच साखर लावून ठेवली तर ती पाणी ओढून घेते, त्यामुळे त्या कोरड्याच ठेवल्या आणि सर्वांत शेवटी मिसळल्या. मैदा घातल्यानंतर मिश्रण फेटत राहिले तर त्यातील ग्लूटेन, म्हणजे मैद्यातले लवचिक प्रथिन, बळकट होऊन केक चिवट होतो. तेव्हा पांढरे पीठ दिसेनासे होताच मी हात थांबवला.

लोण्याऐवजी तेल का, असा प्रश्न मला पडला होता. या केकवर क्रीम चीजचे फ्रॉस्टिंग, म्हणजे वरून द्यायचा मऊ, गोड थर, लावायचे होते, आणि असा केक फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. लोणी तिथे घट्ट होते, तर तेल पातळच राहते आणि केक मऊ राहतो.

आधीच १८० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये ८ इंची भांडे ठेवले. केक तयार झाला की नाही, हे पाहण्यासाठी सळई खुपसतात. पण सळई एखाद्या फोडीत शिरली तर आतला केक पूर्ण भाजलेला असूनही ती ओलीच निघते. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी सळई घालून पाहिली, मधला भाग बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येतो ना हे तपासले, आणि कडा भांड्यापासून सुटलेल्या दिसल्यावरच, म्हणजे पाऊण तासाच्या आसपास, केक बाहेर काढला. १५ मिनिटांनी तो जाळीवर उलटला, कारण भांड्यातच राहिल्यास कोंडलेल्या वाफेचे पाणी होऊन तळ ओलसर होतो.

खरा संयम यानंतर लागला. फ्रॉस्टिंगमधील लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते, म्हणून केक नुसता कोमट होऊन भागत नाही, तो पूर्ण गार व्हावा लागतो.

फ्रॉस्टिंगमध्येही पुन्हा पाणी आडवे येतेच. क्रीम चीजमध्ये ते भरपूर असते. साखरेने ते सुटते आणि जास्त फेटल्याने क्रीम चीजची घडण मोडते. तशा वेळी आणखी साखर घालण्याचा मोह होतो, पण त्यामुळे फ्रॉस्टिंग बहुधा जास्तच पातळ होते. मी आधी १०० ग्रॅम मऊ लोणी आणि तेवढीच आयसिंग शुगर पांढरट होईपर्यंत फेटून घेतली, आणि मग फ्रिजमधून काढलेले २०० ग्रॅम क्रीम चीज थोडे थोडे घालून मिश्रण एकजीव होताच यंत्र बंद केले. पहिला थर अगदी पातळ दिला, म्हणजे केकचा सुटा चुरा त्यातच अडकून बसतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून त्यावर जाड थर दिला. तो मी सुरीने गुळगुळीत केला नाही, कारण चमच्याच्या पाठीने उठवलेल्या लाटा मला अधिक आवडतात.

केक दुसऱ्या दिवशी कापला, तोवर फोडींतील ओलावा सर्वत्र मुरला होता. खाण्यापूर्वी तो अर्धा तास फ्रिजबाहेर ठेवला, कारण थंड असताना दालचिनीचा वास जवळजवळ येतच नव्हता.