बकऱ्याचे कातडे घरी कमावताना

घणसोली गावठाणातील आमच्या घरामागे उघडी पडवी आहे, म्हणूनच हा उद्योग मला करता आला. सोसायटीच्या सदनिकेत त्याचा विचारही करू नये. आपल्याकडच्या दमट हवेत ताजे कातडे काही तासांतच कुजू लागते. त्यामुळे मटणाच्या दुकानातून ते आणल्याबरोबर त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे जाडे मीठ मी मांसाच्या बाजूला चोळले.

पुढे ते धुऊन विरवलेल्या चुन्याच्या पाण्यात बुडवले आणि केस बोटांनी सहज निघू लागल्यावर गोल ओंडक्यावर पसरून बोथट पात्याने केस, मांस व चरबी खरवडून काढली. चुना हात भाजतो, तेव्हा रबरी हातमोजे हवेतच. दुर्गंधीही याच टप्प्यावर सर्वाधिक असते. त्यानंतर आंबवलेल्या गव्हाच्या कोंड्याच्या पाण्यात ठेवून कातड्यातला चुना काढून टाकला. कातड्याच्या कापलेल्या कडेवर हळदीचे पाणी टाकावे, ते लाल झाले तर आत चुना अजून शिल्लक आहे असे समजावे. महागड्या उपकरणांपेक्षा मला ही परीक्षा अधिक भावली.

खरे कमावणे यापुढचे. कोल्हापुरी चपलांच्या चामड्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तेच मी घेतले. हिरडा ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील काष्ठौषधींच्या दुकानातून आणला आणि साल ओळखीच्या शेतकऱ्याकडून. दोन्ही कुटून, उकळून काढा केला, तोही प्लास्टिकच्या पिंपात ठेवला, कारण लोखंडाशी संबंध आला की टॅनिनमुळे, म्हणजे साल आणि हिरड्यातल्या कातडे कमावणाऱ्या तुरट द्रव्यामुळे, चामड्यावर काळे डाग पडतात. सुरुवातीचा काढा मुद्दाम अगदी पातळ ठेवावा लागतो. तो दाट असेल तर वरचा थर लगेच घट्ट होतो आणि टॅनिन आतल्या तंतूंपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मी कातडे रोज हलवत, काढा हळूहळू दाट करत गेलो आणि अधूनमधून कडेचा तुकडा कापून पाहत राहिलो. मधली पांढरी रेघ नाहीशी होऊन सर्वत्र सारखा तपकिरी रंग दिसेपर्यंत ते बाहेर काढले नाही.

धुतलेले चामडे अर्धवट ओले असतानाच त्याला एरंडेल चोळले आणि सावलीत वाळताना पुनःपुन्हा हातांनी ताणले. ही मेहनत टाळली तर ते पुठ्ठ्यासारखे ताठ होते. बकऱ्याचे चामडे पातळ असल्यामुळे तळव्यांसाठी ते निरुपयोगी आहे, पण वहीचे वेष्टन आणि बटवा यांना उत्तम चालते.