काळी दोन, डी शार्प आणि माझे तीन आठवडे

"स्केल कुठली?" असं मला आता कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "पट्टी विचारताय की सूर कुठले लागतात ते?" समोरचा माणूस क्षणभर बघत राहतो. पण एवढा एक प्रश्न विचारायला मला कुणी वेळेवर शिकवलं असतं, तर गेल्या वर्षी गणपतीच्या आधीचे तीन आठवडे वाया गेले नसते. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

मी सांगलीत राहते आणि मिरज तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. चाळिशीला दोन वर्षं उरली असताना गिटार घेतली आणि जूनमध्ये घराजवळच क्लास लावला. तीन महिन्यांची फी आधीच भरायची होती, भरली. बोटांची टोकं सोलली, मग घट्टे पडले. जी, सी, डी, ई मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सुरांचे गट, महिन्याभरात हाताला बसले. सराव केला की हात ऐकतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे शब्दांबद्दल. पहिल्याच दिवशी सरांनी दोन पानांची झेरॉक्स हातात दिली. नोट, पिच, सेमीटोन, टोन, ऑक्टेव्ह, स्केल, की, कॉर्ड, बार, टेम्पो असे तीसेक शब्द आणि प्रत्येकापुढे एका ओळीची इंग्रजी व्याख्या. "पाठ करून ठेवा, अर्थ पुढे आपोआप कळतो." मी चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवते. 'पाव' हा शब्द फळ्यावर लिहायच्या आधी मी भाकरीचे चार तुकडे करून दाखवते. गिटार मांडीवर असताना सेमीटोन दाखवायला तर एक सेकंद पुरतो: एका पडद्यावर (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) बोट ठेवा, तार छेडा, बोट शेजारच्या पडद्यावर न्या, पुन्हा छेडा. हा झाला सेमीटोन. दोन पडदे सरकलात की टोन. मोकळ्या तारेपासून बारा पडदे गेलात की ऑक्टेव्ह. तिथे तारेची लांबी बरोबर निम्मी उरते आणि तोच सूर वरच्या सप्तकात वाजतो. तिथे पडद्याजवळ बहुतेक गिटारवर दोन ठिपके असतात. हे मला कुणी दाखवलं नाही, मी मोजपट्टी लावून शोधलं.

तारांचे क्रमांकही असेच. जाड तार वर दिसते म्हणून मी तिला पहिली धरलं होतं. पहिली ही सगळ्यांत बारीक, सहावी सगळ्यांत जाड. टॅब (तारांच्या रेघांवर पडद्यांचे आकडे मांडायची पद्धत) लिहितानाही बारीक तार वरच्या रेघेवर असते, म्हणजे मांडीवरच्या गिटारच्या बरोबर उलट चित्र. वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, दोन दिवस वाचतील.

आता खरा अडकलेला भाग.

जुलैच्या शेवटी सोसायटीच्या गणेशोत्सवात एका भावगीताला गिटारची साथ करायचं ठरलं. गाणारे आमच्याच इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ. त्यांना विचारलं, "काका, स्केल कुठली तुमची?" ते म्हणाले, "काळी दोन." पेटी वाजवणाऱ्या कुणालाही हे लगेच कळतं. हे पेटीच्या पट्ट्यांचे क्रमांक: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प (सीच्या एक पडदा वरचा सूर), पांढरी दोन म्हणजे डी आणि काळी दोन म्हणजे डी शार्प. मी क्लासच्या सरांना मेसेज टाकला की काळी दोनमध्ये गाणं आहे, काय बसवू? उत्तर आलं: "स्केल डी शार्प." पाठोपाठ एका तक्त्याचा फोटो आणि "हे बसवा". तक्ता मेजर स्केलचा होता. चौथ्या तारेवर पडदे १, ३, ५, ६, ८, १०, १२, १३. मध्ये दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक असे पडदे. मी बसवला. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून डी, जी आणि ए या आकारांचे कॉर्डही बसवले. रोज संध्याकाळी तासभर.

तिथून कोडं सुरू झालं. घरी आणलेल्या पुस्तकात कुठल्या कीला किती शार्प, किती फ्लॅट (एक पडदा खाली) याचा तक्ता होता. त्यात डी शार्प मेजर नव्हतीच. मला वाटलं पुस्तकच अपुरं आहे. सरांना विचारलं, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा निळ्या खुणा. तोवर क्लासला कुलूप. सीझन होता, सर ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्यांत. फी मात्र ऑगस्टअखेरपर्यंतची भरलेली. तिसऱ्या मेसेजला अंगठा आला. माझ्या साध्या प्रश्नाला अंगठा.

उत्तर किती सोपं होतं ते नंतर कळलं. डी शार्प आणि ई फ्लॅट हा एकच पडदा, पेटीवर एकच काळी पट्टी, नावं दोन. मेजर स्केल लिहिताना ए ते जी ही सातही अक्षरं एकेकदाच आली पाहिजेत असा कागदावरचा नियम आहे. डी शार्पपासून लिहायला गेलं की दोन ठिकाणी डबल शार्प (दोन पडदे वर) लावावे लागतात. ई फ्लॅट म्हटलं की फक्त तीन फ्लॅटमध्ये काम होतं. म्हणून पुस्तकवाले ई फ्लॅट लिहितात आणि आपले वादक तोंडी डी शार्प म्हणतात. ज्याला काळी दोनमध्ये वाजवायचंय त्याने तक्त्यात ई फ्लॅट शोधावं.

पण हा छोटा गुंता. मोठा तालमीच्या दिवशी उघडा पडला. काकांनी मुखडा घेतला, मी पहिला कॉर्ड छेडला आणि ते थांबले. पुन्हा घेतला, पुन्हा थांबले. "काहीतरी खुपतंय," एवढंच म्हणाले. सभ्य माणूस. मी ॲपवर सगळ्या तारा तपासल्या, सगळ्या बरोबर. कॅपो काढून पुन्हा लावला. तरी तेच. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

त्या शनिवारी आम्ही गावी पलूसला गेलो. माझे सासरे, अण्णा, तिथल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. सोबत नेलेल्या गिटारवर मी तेच कॉर्ड वाजवत, तोंडाने मुखडा म्हणत बसले होते. अण्णा ओसरीवरून आत आले.

"तुझा गंधार चढा लागतोय गं."

"अण्णा, स्केल काळी दोनच आहे. मी तीच धरलीय."

"काळी दोन ही पट्टी झाली. सा कुठं धरायचा तेवढं पट्टी सांगती. त्या सावर पुढचं कुठलं सूर लावायचं, ते थाट सांगतो. हे गाणं आसावरीच्या अंगाचं हाय. गंधार, धैवत, निषाद कोमल. तू समदं शुद्ध वाजवतीयास."

पेटी पुढ्यात ओढून त्यांनी दाखवलं. मग मी चौथ्या तारेवर परत मोजलं. पाचव्याऐवजी चौथा पडदा, दहाव्याऐवजी नववा, बाराव्याऐवजी अकरावा. ग, ध, नि हे तीन सूर एकेक पडदा खाली आले आणि गाणं समोर उभं राहिलं. मी तीन आठवडे घटवलेली होती ती मेजर स्केल, म्हणजे आपला बिलावल थाट. गाणं होतं नॅचरल मायनरमध्ये, म्हणजे आसावरी थाटात. काका कोमल गंधार गात होते आणि मी खाली शुद्ध गंधाराचा कॉर्ड देत होते. खुपणारच.

घोळाचं मूळ या एका शब्दात आहे. आपल्याकडचे गायक-वादक 'स्केल' म्हणतात तेव्हा त्यांना पट्टी म्हणायची असते. गिटारच्या पुस्तकातली 'स्केल' म्हणजे ठरावीक अंतरांनी चढणारी सुरांची ओळ, आपल्या थाटाच्या जवळची. पुस्तकातली 'की' या दोन्हींना एकत्र धरते: सा कुठला, आणि मेजर की मायनर. सरांनी 'स्केल डी शार्प' लिहिलं ते अर्ध उत्तर होतं आणि उरलेलं अर्ध त्यांनी न विचारता मेजर धरलं. गाणं कुठलं, हे त्यांनी मला विचारलंच नाही. शिकवणाऱ्याने असं करू नये. मी स्वतः शिकवते, म्हणून हे जास्त लागतं.

शाळेला जाताना मी कधी कधी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जाते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही मुलांना तिथे नेलं होतं. एका कारागिराने सतारीचा पडदा दोऱ्यासकट सरकवून दाखवला होता. थाट बदलला की काही पडदे हलवावे लागतात, असं सांगत होता. तेव्हा मी फक्त मुलं मोजत होते. पलूसहून परतताना एसटीत ते एकदम आठवलं. गिटारचे पडदे ठोकलेले असतात, हलत नाहीत, म्हणून एका सप्तकातले बाराही सूर तिथे कायमचे मांडलेले असतात. त्यांतले सात कुठले घ्यायचे हे आपण ठरवायचं. स्केल म्हणजे तेवढी निवड. झेरॉक्सवरच्या व्याख्येपेक्षा मला तो सरकणारा पडदा कळला.

याच्याच जोडीची आणखी एक चूक माझ्या वहीत होती: 'शार्प = तीव्र, फ्लॅट = कोमल'. हे समीकरण खोडून टाका. आपल्याकडे तीव्र फक्त मध्यम होतो, कोमल होतात रे, ग, ध, नि, आणि सगळे सापासून मोजायचे. सा हलला की तेही हलतात. डी शार्प मात्र कुणीही गायलं तरी डी शार्पच. आणि ई-एफ, बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टी नाही म्हणून गिटारवर ते पडदे लागून येतात. मी तिथे हरवलेला सूर शोधत बसले होते.

बोटांचं बोलायचं तर, डी शार्प मायनरसाठी पहिल्या पडद्यावर कॅपो लावून डी मायनरचा आकार घेता येतो, पण मग जी मायनर आणि बी फ्लॅटचे बार कॉर्ड येतात आणि माझं पहिलं बोट तेवढं दाबत नाही. त्यापेक्षा कॅपो सहाव्या पडद्यावर आणि ए मायनर, डी मायनर, जी, ई मायनर हे सुटे आकार. आवाज जरा बारीक होतो, पण स्वच्छ येतो. 'बार' या शब्दाचेही दोन अर्थ आहेत बरं का: एक हा, सगळ्या तारा एका बोटाने दाबायचा, दुसरा तालाचा, ठरावीक, बहुतेकदा चार ठोक्यांचा एक खण. केरव्याच्या आठ मात्रा चार-चारच्या दोन बारमध्ये बसतात. झेरॉक्सवर एकच दिला होता.

पेटीबरोबर वाजवायचं असेल तर ॲप बाजूला ठेवा आणि पेटीचा सूर घेऊन तारा जुळवा. ॲप ए हा सूर ४४० हर्ट्झला धरतं; सोसायटीची जुनी पेटी त्याहून थोडी चढी निघाली.

मुद्दाम सांगते, अण्णांना भेटल्यावर चार दिवसांत गाणं बसलं. तीन आठवडे विरुद्ध चार दिवस. सप्टेंबरमध्ये क्लास उघडल्यावर सरांना हे शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, "हो, मायनर असेल ते." मी पुढची फी भरली नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मांडवात काका गळ्याला मफलर गुंडाळून आले. पावसाने घसा धरला होता. "आज काळी दोन झेपायची नाही, काळी एक घेऊ या?" पेटीवाल्यांनी मान डोलावली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. काळी दोन, पांढरी दोन, काळी एक: दोन पडदे खाली. थाट तोच, आकार तेच. मी कॅपो सहाव्यावरून चौथ्यावर आणला. कॅपो हलवला की तारा पुन्हा तपासाव्या लागतात, ते त्या घाईत राहिलं आणि दुसरी तार किंचित चढी होती. पहिलं कडवं संपल्यावर पेटीच्या तुकड्यात खुंटी थोडी उतरवली. काकांचा गंधार आणि माझा गंधार तेव्हा एका ठिकाणी लागला आणि ते गाताना पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.