एक पेनी कमी पडली

तिकीट मुलाने काढलं होतं, 'यार्ड'चं. यार्ड म्हणजे अंगण, तिथे खुर्च्या मांडल्या असतील, असा माझा समज. लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर शेक्सपिअरच्या काळातल्यासारखं बांधलेलं गोल लाकडी नाट्यगृह आहे, 'ग्लोब' नावाचं, तिथे शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' होतं. पोचणं, बॅग तपासणं वगैरे पाच मिनिटांत उरकलं. आत गेल्यावर कळलं की यार्ड म्हणजे आपलं पिट, तेही बाकड्यांशिवाय. डोक्यावर उघडं आभाळ, आणि अडीच तास उभं राहायचं.

माझे गुडघे साठीचे. पहिल्या अंकातच त्यांनी कुरकुर सुरू केली म्हणून खाली फतकल मारली, तर एक स्वयंसेविका येऊन गोड हसली, "बसता येणार नाही." पाऊस आला, छत्री उघडली. पुन्हा तीच बाई, तेच हसू, "छत्री नाही." (रेनकोट न्या. हे आधी सांगायला हवं होतं.) मध्यंतरात मी तिला म्हटलं, "अहो, वरचे पैसे भरते, पण वर गॅलरीत बसवा." तर वरच्या जागा केव्हाच विकल्या गेलेल्या. तिची काही चूक नव्हती. पण राग आला तो आलाच, कारण मी घरून वाचून गेले होते.

काय वाचलं होतं, तर थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी 21 सप्टेंबर 1599 ला दुपारचं जेवण उरकून, नदी ओलांडून याच काठावर आला आणि गवताने शाकारलेल्या नाट्यगृहात सीझरचंच नाटक पाहून गेला. ते शेक्सपिअरच्या काळातलं मूळ ग्लोबच असावं असं अभ्यासक मानतात. त्याने तिथल्या पैशांचा हिशेब लिहून ठेवलाय. खाली उभं राहायचं तर एक पेनी. बसायचंय? दुसऱ्या दारातून आत जा, आणखी एक पेनी द्या. सगळ्यात चांगली जागा आणि बुडाखाली उशी हवी, तर पुढच्या दारात तिसरी पेनी. छापील तिकीट नाही, आधी आरक्षण नाही. दारात पैसे गोळा करणारा माणूस मातीचा गल्ला घेऊन उभा, खेळानंतर गल्ला फोडायचा. त्याच काळातल्या, शेजारच्या रोझ नाट्यगृहाच्या जागेवर 1989 मध्ये खोदकाम झालं, तेव्हा अशा गल्ल्यांची खापरं सापडली, हेझलनटच्या टरफलांच्या थरासकट. म्हणजे 1599 मधली बाई दाणे खात उभी राहायची, पाय दुखले की पेनी टाकून वर जायची. बायका जायच्या नाटकाला. रंगमंचावर मात्र नव्हत्या, सीझरची बायको मिसरूड न फुटलेला पोरगा व्हायचा. बालगंधर्वांच्या मुलखातून आलेल्या मला त्याचं काय नवल! मला पेनीचंच दुःख.

लवकर गेलात तर रंगमंचाच्या कडेला जागा मिळते, कोपरं टेकता येतात. नाहीतर मागची भिंत धरा. मधे राहू नका. रंगमंचावरचे दोन खांब नेमके महत्त्वाच्या माणसाला झाकतात. पोटात काहीतरी घालून जा. शेक्सपिअरच्या काळी खेळ दुपारी दोनच्या सुमाराला, सूर्याच्या उजेडात व्हायचे, आपल्या तीन घंटांसारखा तीनदा कर्णा वाजायचा. आमचा संध्याकाळचा होता, पाय तोवर दिवसभर फिरून आधीच थकलेले. दुपारचा घ्या.

एक मात्र खरं. सीझरच्या प्रेतापाशी त्याचा मित्र अँटनी बोलायला लागला तेव्हा नटमंडळी आमच्यात घुसून ओरडत होती, आणि रोमची गर्दी म्हणजे आम्हीच होतो. मीही ओरडले. मराठीत. वरच्या बाकांना हे मिळालं नाही.

शेवटी नटांनी नाच केला. प्लॅटरनेही नाटकानंतरचा नाच लिहून ठेवलाय. बाहेर पडताना वरून उतरणारी मंडळी भाड्याने घेतलेल्या उश्या परत करत होती. मुलगा माझा हात धरून पुढे ओढत होता, मी त्या उश्यांकडे बघत होते.