टोफूत टोचलेल्या सुया

आईकडे पावडरची एक जुनी पत्र्याची डबी आहे. मशीनवर मोडलेली प्रत्येक सुई तिच्यात जाते. बार्शीच्या घरात, पुढच्या खोलीत, आई गेली तीसेक वर्षं ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. जाड काठावर सुई कटकन मोडली की आधी टोक शोधायचं, मग उरलेला तुकडा, आणि दोन्ही डबीत. केरात टाकायचं नाही. कुणाच्या पायात जाईल, गाईच्या पोटात जाईल. डबी भरल्यावर काय करायचं, हे मात्र घरात कुणी ठरवलेलं नव्हतं.

त्यातल्या मूठभर सुया दिवाळीला गेले तेव्हा मी कागदात गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत घालून टोकियोला आणल्या. कारण आमच्या निशी-कासाई या टोकियोतल्याच भागातल्या शेजारच्या आजी. त्यांचं कपडे दुरुस्तीचं एवढंसं दुकान आहे. मी पँट आखूड करायला दिली होती. बोलता बोलता आई शिवणकाम करते हे निघालं, तशी आजींनी विचारलं, "मग तिच्या मोडलेल्या सुयांचं काय करते?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

इथे त्याला ठरलेलं उत्तर आहे. हारी-कुयो. हारी म्हणजे सुई. आणि कुयो हे बौद्ध ग्रंथांतल्या आपल्याच 'पूजा' या संस्कृत शब्दाचं भाषांतर, चीनमार्गे इथे आलेलं. टोकियोच्या बाजूला 8 फेब्रुवारीला करतात, क्योतोकडे बऱ्याच ठिकाणी 8 डिसेंबरला. त्या दिवशी सुईला सुट्टी. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या, गंजलेल्या सुया देवळात न्यायच्या आणि टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या मऊ पनीरात, टोचायच्या. जन्मभर जाडंभरडं कापड भोसकून दमल्या, आता शेवटी तरी मऊ अंथरूण मिळू दे. काही ठिकाणी टोफूऐवजी कोन्न्याकू असतो. तो राखाडी, थलथलीत पदार्थ आपल्या सुरणाच्या, शेवळाच्या कुळातल्या कंदापासून करतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग खाजत नाही होय?"

तर 8 फेब्रुवारी 2024, गुरुवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आजींबरोबर निघाले. तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथून गिन्झा लाइनने आसाकुसा. सोमवारी पडलेला बर्फ अजून सावलीच्या कोपऱ्यांत काळा पडून होता. सेन्सोजीच्या मुख्य देवळात प्रचंड गर्दी, पण आम्ही पश्चिमेला वळलो, आवाशिमा-दोकडे. आवाशिमा ही बायकांच्या दुखण्याखुपण्याची आणि शिवणकामाची देवता. शेजारीच सुयांच्या स्मरणार्थ एक दगडी खांबही उभारलेला आहे.

समोर टोफूचा हा एवढा थोरला पांढरा ठोकळा. त्यात लाल, पिवळ्या, निळ्या डोक्यांच्या टाचण्या दाटीवाटीने टोचलेल्या, लांबून वाटावं केकच आहे. शिवणाच्या वर्गातल्या पोरी घोळक्याने आल्या होत्या, किमोनोतल्या म्हाताऱ्या होत्या, आणि त्या सगळ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त. एकाने तर टाचणी टोचणाऱ्या बाईला पुन्हा टोचायला लावली. आजींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या.

आजींनी आपल्या सुया एकेक करून टोचल्या, हात जोडले, बराच वेळ डोळे मिटले. नंतर सांगत होत्या, पूर्वी बायका मनातलं कुणाजवळ बोलायच्या नाहीत, रात्री शिवताना जे मनात चालायचं ते फक्त सुईला ठाऊक. म्हणून आभार मानायचे, आणि हात अजून सुधारू दे म्हणून मागायचंही.

परतताना किमोनोचा विषय निघाला आणि माझ्यातली शिंपिणीची पोर जागी झाली. किमोनोचं कापड सुमारे 12 मीटर लांब आणि जेमतेम 36-38 सेंटीमीटर पन्ह्याचं. सगळे तुकडे सरळ कापायचे. गळ्याचा गोल नाही, मुंढा नाही, त्यामुळे कात्रणही जवळपास नाही. आणि खरी गंमत धुण्याची. पारंपरिक पद्धतीत अख्खा किमोनो उसवतात, तुकडे पुन्हा जोडून सरळ पट्टी करतात, धुतात, ताणून वाळवतात आणि परत शिवतात. म्हणजे धुणं म्हणजेच शिवणं! अशा घरात वर्षाकाठी किती सुया मोडत असतील, हिशेब करा. कात्रीचाही दिवस आहे म्हणे, 3 ऑगस्ट, आकड्यांच्या उच्चारावरची कोटी. टोकियोतल्याच उएनोच्या कियोमिझु कान्नोन-दो या देवळात 25 सप्टेंबरला जुन्या बाहुल्यांना निरोप देतात. जुन्या वस्तूंत जीव येतो, आणि त्या नीट निरोप न देता फेकल्या तर रागावतात, अशा गोष्टी इथे कित्येक शतकांपासून सांगतात.

आपल्याकडे खंडेनवमीला आई मशीनला हळदकुंकू वाहते, झेंडूचा हार घालते. पण ते चालत्या मशीनला. मोडक्या सुईला कोण फूल वाहतं? मी हे देवळाबाहेरून फोनवर म्हणाले. तिकडे साडेसात वाजले होते, चहा चालला होता. आई म्हणाली, "अगं, खंडित मूर्ती पाण्यात सोडतोच की आपण. सुई नदीत टाकता येत नाही, म्हणून डबी." मग लगेच, "मशीनच्या सुया गेल्या का आत? त्यांचा माथा जाड असतो."

गेल्या. पहिलीने टोफूला चीर पाडली. बाकीच्या मग आजींनी हळूच, टोकाकडून, तिरक्या धरून बसवल्या.

संध्याकाळच्या गर्दीत माझ्या कोटाचं बटण तुटलं. घरी सुईदोरा समोर होता. पण आजींनी बजावलं होतं, आज टाका घालायचा नाही. दूध आणायला सेफ्टी पिन लावून गेले. पिनेलाही सुट्टी असते का, हे त्यांना विचारायचं राहिलं.