भाच्याची दुबईची नोकरी: ठाणे ते बेलापूर, एक दिवस

भाचा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, कळव्याला राहतो. दुबईच्या नोकरीसाठी त्याला बेलापूरला दोन भरती एजंटांच्या ऑफिसात बोलावलं होतं. ताई म्हणाली, "तू जा रे सोबत, तो कुणावरही पटकन विश्वास ठेवतो." मी सुट्टी टाकली.

ठाण्याला ९-१० नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल धरा. वाशीची धरलीत तर तुर्भ्याला बदलावी लागते. सकाळी अकराच्या आत ऑफिसात पोहोचलेलं बरं, नंतर जिन्यापर्यंत रांग लागते.

पहिल्या ऑफिसात पाच मिनिटांत "सिलेक्शन झालं" म्हणाले आणि मूळ पासपोर्ट व पाच हजार रुपये 'फाईल चार्ज' मागितला. पोरगा खिशात हात घालत होता, मी थांबवलं. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, हे त्यातच छापलेलं असतं. दाखवावा, झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत सोडू नये. लायसन्स नंबर विचारला तेव्हा उत्तर आलं नाही. आम्ही उठलो. परदेशी भरती करणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावीच लागते. तो नंबर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलवर तिथल्या तिथे तपासता येतो. एजंटची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, तीही पावती घेऊनच. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ' म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

दुसऱ्या ठिकाणी लायसन्स भिंतीवर होतं, नंबरही जुळला. तिथे खरीखुरी ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची प्रत्यक्ष परीक्षा झाली: मोटर सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरचं कंट्रोल वायरिंग जोडून दाखवायचं, मग मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) कशासाठी वापरतात ते हिंदीत सांगायचं. भाचा रोज हेच काम करतो, तरी घाबरला. आदल्या दिवशी एकदा हाताखालून घालवा आणि बोलून बघा. हात चालतो, तोंड अडतं.

अडचण आली ती नावाची, आणि आपल्याकडे बहुतेकांना ती येणार. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि आडनाव एवढंच. अनुभवपत्रात नुसती आद्याक्षरं. बायोडेटात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. जुन्या मालकाकडून हुद्दा, तारखा आणि पासपोर्टप्रमाणे नाव असलेलं पत्र आधीच घेऊन ठेवा. काम सोडल्यावर ते मिळवणं फार जड जातं. बायोडेटा एक पानाचा पुरे. कोणती मशीन, कोणते पॅनल, किती वर्षं, हे वर आलं पाहिजे.

ऑफर लेटर वाचताना एकूण आकड्यावर भाळू नका, मूळ पगार किती ते बघा. अमिरातीत नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम, म्हणजे ग्रॅच्युइटी, मूळ पगारावर मोजतात, भत्त्यांवर नाही; पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी. भाच्याच्या पत्रात भत्तेच जास्त होते. आम्ही सही न करता ते घरी आणलं, रात्री ताईसमोर ओळ न् ओळ वाचलं.

पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) मागितलं तर ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ ऑनलाइन घ्या, फी ५०० रुपये. पत्ता बदलला असेल तर पडताळणीला वेळ धरा. आम्ही उद्या आधी कोर्टनाक्याला जातोय, मार्कशीटवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला.